रिसर्च पेपर वाचायला घेताय? मग पहिल्या ओळीपासून सुरू करू नका

मी आयुष्यातला पहिला रिसर्च पेपर कादंबरीसारखा वाचायला घेतला होता, म्हणजे पहिल्या ओळीपासून, हातात पिवळा हायलायटर, आणि तासाभराने तिसऱ्या पानावर पोचलो तेव्हा तिन्ही पानं पिवळीधम्मक झाली होती आणि डोक्यात काही म्हणजे काही उरलं नव्हतं. वाटलं आपल्यालाच अक्कल कमी. पुढे कळलं की रोज पेपर वाचणारी मंडळी असं वाचतच नाहीत, ती मधूनच कुठूनतरी शिरतात, एखादा तक्ता बघतात, मागे जातात आणि निम्मे पेपर पाच मिनिटांत बाजूला टाकतात.

त्यातून हल्ली मेडिकल, बिझनेस आणि इंजिनिअरिंग हे कप्पे वेगळे राहिलेलेच नाहीत. एआय वापरून एक्सरे वाचायचा असा पेपर आला की तो डॉक्टरही वाचतात, मॉडेल बनवणारेही आणि त्यात पैसे घालणारेही. पण पुरावा म्हणजे काय याची तिन्ही घरांची रीत वेगळी, देश तसा वेश. ही रीत माहीत नसेल तर इंग्रजी कितीही चांगलं असू दे, फसायला होतं. तर मला जे ठेचा खात खात समजलं ते क्रमाने सांगतो.

आधी प्रश्न लिहा, मग शोधा

कागदावर एका ओळीत प्रश्न लिहा. "वर्क फ्रॉम होम चांगलं का वाईट" हा प्रश्न नाही, ती चहाच्या वेळची चर्चा झाली. "आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिलं तर नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण बदलतं का, आणि कामावर काय परिणाम होतो" हा प्रश्न. कोणावर, कशाच्या तुलनेत, काय मोजलं, एवढं त्यात आलं पाहिजे. हे कंटाळवाणं वाटेल पण हे केलं नाही तर तीन तासांनी तुमच्याकडे चाळीस टॅब उघडे असतील आणि हाती काहीच नसेल.

शोधायला गूगल स्कॉलर सगळ्यांसाठी चालतं. मेडिकलला पबमेड, फुकट आहे, अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन चालवते, आणि तिथे बाजूच्या फिल्टरमध्ये फक्त सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरावीक पद्धतीने एकत्र तपासणारा पेपर) किंवा फक्त रँडमाइझ्ड ट्रायल (कोणाला कुठला उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेला प्रयोग) असं गाळून घेता येतं, हे फिल्टर नवीन लोक वापरतच नाहीत. बिझनेस आणि अर्थशास्त्राचे ताजे पेपर एसएसआरएन ही वेबसाइट आणि एनबीईआर ही अमेरिकेतली आर्थिक संशोधन संस्था यांच्या वर्किंग पेपर्समध्ये, म्हणजे जर्नलमध्ये येण्याआधीच्या मसुद्यांत, आधी दिसतात. इंजिनिअरिंगसाठी आयईईई एक्सप्लोर, आणि कॉम्प्युटर, एआय, फिजिक्सवालं सगळं आर्काइव्ह (arXiv) या वेबसाइटवर, जे १९९१ पासून चालू आहे. कॉम्प्युटरवाल्यांची एक गंमत लक्षात ठेवा, त्यांच्यात मोठ्या कॉन्फरन्समधला पेपर जर्नलच्या तोडीचा मानतात, तेव्हा "हा तर नुसता कॉन्फरन्स पेपर" म्हणून नाक मुरडू नका. मेडिकलमध्ये मात्र कॉन्फरन्समधला अ‍ॅबस्ट्रॅक्ट (पेपरचा छोटा सारांश) म्हणजे अजून पूर्ण शिजलेलं नाही असंच समजायचं.

सुरुवात नेहमी रिव्ह्यू पेपरने करा, कारण त्यात कोणीतरी तुमच्यासाठी पन्नास-शंभर पेपर आधीच चाळून ठेवलेले असतात. मेडिकलमध्ये कोक्रेन या संस्थेचे रिव्ह्यू त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. मग एक चांगला पेपर सापडला की गूगल स्कॉलरमध्ये त्याच्याखाली "सायटेड बाय" असतं त्यावर क्लिक करायचं, म्हणजे त्या पेपरनंतर कोण काय बोललं ते दिसतं. जुन्यावरून नव्याकडे यायचा याहून सोपा रस्ता मला तरी माहीत नाही.

पेपर पैसे मागत असेल तर लगेच कार्ड काढू नका हां. स्कॉलरमध्येच "ऑल व्हर्जन्स" बघा, ब्राउझरला अनपेवॉल (पेपरची फुकट प्रत शोधून देणारं एक्स्टेंशन) लावून घ्या, लेखकाच्या स्वतःच्या पानावर पीडीएफ असते का बघा, आणि काहीच नाही मिळालं तर लेखकाला सरळ दोन ओळींचा मेल टाका. मी टाकलेत, बऱ्याच जणांनी पेपर पाठवला, वर थँक्यू म्हणाले की कोणीतरी वाचतंय.

कुठली व्हर्जन हातात आहे ते बघा

हे मी खूप उशिरा शिकलो. एकच पेपर तीन अवतारांत फिरत असतो, प्रीप्रिंट किंवा वर्किंग पेपर (दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासायच्या आधीच लेखकांनी बाहेर टाकलेला), मग जर्नलमध्ये छापलेला, आणि कधीकधी दुरुस्ती निघालेला. आकडेसुद्धा बदलतात. कस्टमर सपोर्टमधल्या पाच हजारांवर एजंटना एआय असिस्टंट दिला आणि तासाला सुटणाऱ्या तक्रारी वाढल्या हा अभ्यास तुम्ही ऐकला असेल, २०२३ च्या वर्किंग पेपरात वाढ १४ टक्के होती, २०२५ मध्ये जर्नलमध्ये आला तेव्हा १५ टक्के. फरक छोटा आहे, पण प्रेझेंटेशनमध्ये एकाने १४ म्हटलं आणि दुसऱ्याने १५, की दहा मिनिटं त्यातच जातात.

प्रीप्रिंट म्हणजे टाकाऊ असं मात्र नाही. कोविडमध्ये डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने मृत्यू कमी होतात हा रिकव्हरी नावाच्या मोठ्या ट्रायलचा निकाल जून २०२० मध्ये प्रीप्रिंट म्हणूनच आला होता आणि तो टिकला. उलट जुलै २०२३ मध्ये आर्काइव्हवर एलके-९९ नावाच्या पदार्थाचा पेपर आला, खोलीच्या तापमानाला सुपरकंडक्टर, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा पदार्थ, सापडला म्हणे, सगळीकडे व्हिडिओ फिरले, आणि ऑगस्टमध्येच वेगवेगळ्या लॅबनी करून बघून सांगितलं की तसं काही नाही, विजेचा रोध अचानक उतरल्यासारखा दिसत होता तो त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. प्रीप्रिंट वाचा, फक्त नोटमध्ये "अजून तपासलेला नाही" असं लिहून ठेवा.

आणि पेपर मागे घेतलाय का हे बघायला अर्धा मिनिट लागतं, ते द्या. पबमेडवर मागे घेतलेल्या पेपरवर ठळक सूचना असते, शिवाय मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस आता क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि फुकट शोधता येतो. मोठ्या जर्नलचं नाव बघून हे टाळू नका. लॅन्सेटमध्ये २२ मे २०२० ला कोविडसाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावर ९६ हजार पेशंटचा पेपर आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला, कारण मूळ डेटा कोणाला तपासूच दिला नाही. तेरा दिवस. त्याच लॅन्सेटला १२ मुलांवरचा, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८ चा पेपर पूर्ण मागे घ्यायला २०१० उजाडलं. बिझनेसमध्येही आहे, फॉर्मवर सही शेवटी न घेता सुरुवातीला घेतली की लोक जास्त खरं लिहितात हा २०१२ चा पेपर कित्येक ट्रेनिंगमध्ये सांगितला जायचा, २०२१ मध्ये मागे घेतला, त्यातला गाड्या किती चालल्या याचा डेटा बनावट निघाला. आणि पेपर मागे घेतला तरी लोकांच्या स्लाइडमधून तो जात नाही ही खरी अडचण.

वाचायचा क्रम

नाव, अ‍ॅबस्ट्रॅक्ट, मग सरळ आकृत्या आणि तक्ते, मग मेथड्स (अभ्यास कसा केला), मग डिस्कशनमधला लिमिटेशन्सचा, म्हणजे अभ्यासाच्या मर्यादांचा, परिच्छेद. इंट्रोडक्शन सगळ्यात शेवटी, ते पण विषय नवीन असेल तरच. अ‍ॅबस्ट्रॅक्टची शेवटची ओळ जपून, मीठमसाला बहुतेक तिथेच पडतो. लिमिटेशन्समध्ये मात्र लेखक नाइलाजाने का होईना खरं बोलतात, कारण छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरने लिहायला लावलेलं असतं.

एक तक्ता नीट बघूया, तोच रिकव्हरीचा. २,१०४ पेशंटना नेहमीच्या उपचारांसोबत डेक्सामेथासोन, रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. ४,३२१ जणांना फक्त नेहमीचे उपचार. कोणाला काय द्यायचं हे रँडम ठरलं. २८ दिवसांत मृत्यू, औषधवाल्यांत २२.९ टक्के आणि दुसऱ्यांत २५.७ टक्के. बरेच जण इथेच थांबतात आणि म्हणतात, तीन टक्के फरक, त्यात काय एवढं. आता खालच्या ओळी वाचा. व्हेंटिलेटरवर असलेल्यांत २९.३ विरुद्ध ४१.४. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २३.३ विरुद्ध २६.२. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात १७.८ विरुद्ध १४.०, म्हणजे औषधवाल्यांतच मृत्यू जास्त दिसतात, हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो इतपतच आहे, पण फायदा झाल्याची खूण तर कुठेच नाही. एकाच औषधाच्या तीन वेगळ्या गोष्टी एका तक्त्यात आहेत. "स्टिरॉइडने कोविड बरा होतो" असं म्हणत घरीच गोळ्या सुरू करणाऱ्याने तिसरी ओळ वाचलेली नसते.

अजून एक. व्हेंटिलेटरवाली ओळ कॅल्क्युलेटरवर टाकलीत तर मृत्यू २९ टक्क्यांनी कमी येतात, पण पेपरात ३६ टक्क्यांच्या आसपासचा आकडा दिसतो. चूक नाही ती. औषधवाला गट वयाने थोडा मोठा निघाला होता, तो फरक सावरून घेतल्यावर आकडा बदलतो. तुमचं गणित आणि पेपरचं गणित जुळलं नाही की मेथड्समध्ये जाऊन "अ‍ॅडजस्टेड" हा शब्द शोधायचा, दहातल्या आठ वेळा उत्तर तिथे मिळतं.

मेडिकल पेपर: किती टक्के आणि कशाच्या किती टक्के

धोका दुप्पट, असं वाचलं की आधी विचारा, किती होता तो किती झाला. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा निघाला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. घाबरून खूप बायकांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपात अंदाजे १३,००० ने वाढले. दुप्पट म्हणजे ७,००० बायकांमध्ये एकीऐवजी दोघींना. दुप्पटही खरं आणि ७,००० मध्ये एक जास्त हेही खरं, पण दुसरं वाक्य कोणी हेडलाइनला लावत नाही. मी स्वतः एकदा असाच एक "धोका ५० टक्क्यांनी वाढतो" वाला पेपर सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिला होता, मूळ धोका किती हे न बघता, अजून मला त्यावरून टोमणे बसतात.

दुसरं, मोजलंय काय ते बघा, पेशंट जगला का हे, की रक्तातला एखादा आकडा सुधारला हे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांमध्ये हृदयाचे जादा ठोके दिसले तर ते दाबायची औषधं देत असत, ठोके खरंच कमी व्हायचे, सगळे खूश. १९८९ मध्ये कास्ट ट्रायलचा निकाल आला आणि त्यात एन्केनाइड, फ्लेकेनाइड घेणारे लोक नुसती प्लासिबो (औषध नसलेली गोळी) घेणाऱ्यांपेक्षा जास्त मेले. ईसीजी छान आणि पेशंट गेला. तेव्हापासून नुसता आकडा सुधारलेला दाखवणारा पेपर दिसला की मी जरा सावध होतो.

आणि ट्रायल असेल तर तिचा रजिस्ट्रेशन नंबर पेपरात असतो, तो क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह वर टाका. सुरू करताना काय मोजणार म्हणाले होते आणि छापताना काय पुढे केलं, हे दोन्ही शेजारी ठेवून बघायला मजा येते. कधीकधी मजा जाते.

बिझनेसचे पेपर: कारण खरंच कारण आहे का

यशस्वी कंपन्या अमुक करतात म्हणून तुम्हीही करा, या धर्तीचं काही दिसलं की एकच विचारायचं, तेच करून बुडालेल्या कंपन्या मोजल्या का. बहुतेक वेळा नाही. बुडालेल्यांचा डेटा द्यायला कोण शिल्लक असतं?

चांगला नमुना बघायचा तर सुरुवातीच्या प्रश्नाचंच उत्तर आहे. २०२४ मध्ये नेचर या जर्नलमध्ये छापलेला ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतला प्रयोग, १,६१२ कर्मचारी, सहा महिने, आणि गट कसे पाडले तर जन्मतारीख विषम असेल त्यांना बुधवार-शुक्रवार घरून कामाची मुभा, सम असेल त्यांनी रोज ऑफिसात. किती साधं! जन्मतारखेचा आणि कामसूपणाचा काही संबंध नसतो, म्हणून पुढे दिसलेला फरक घरून कामामुळेच आला असं छातीठोक म्हणता येतं. नोकरी सोडणारे ७.२ टक्क्यांवरून ४.८ वर, म्हणजे एक तृतीयांश कमी, आणि कामाच्या मूल्यमापनात फरक नाही. पण मॅनेजर मंडळींमध्ये नोकरी सोडण्यात तसा फरक दिसला नाही, आणि सगळे पदवीधर, स्क्रीनसमोर बसून काम करणारे. हा पेपर घेऊन कारखान्याच्या मालकाशी वाद घालायला जाऊ नका.

प्रयोग करता येत नाही तिथे लोक शेजारी शोधतात. न्यू जर्सीत एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलर झालं, शेजारच्या पेन्सिल्व्हेनियात नाही झालं, मग दोन्हीकडची मिळून ४१० फास्ट फूड दुकानं आधी आणि नंतर बघितली, नोकऱ्या घटल्याचं काही दिसलं नाही. यावर अजून भांडणं चालू आहेत, पण पद्धत शिकायला हा १९९४ चा पेपर झकास. असा पेपर वाचताना तुम्ही फक्त एवढं तपासा, की दोन बाजू आधीपासून सारख्या चालीने चालत होत्या का.

आणि डेटाची फाइल उपलब्ध आहे का बघा. २०१० मध्ये एक गाजलेला पेपर म्हणाला की देशाचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की सरासरी वाढ उणे ०.१ टक्के होते. तीन वर्षांनी अमेरिकेतल्या थॉमस हर्नडन नावाच्या विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून तीच एक्सेल शीट मागवली आणि बघतो तर सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सिलेक्टच केलेल्या नाहीत. सगळं दुरुस्त करून आकडा आला अधिक २.२ टक्के. किस्सा एक्सेलच्या चुकीचा म्हणून सांगतात, पण मोठा फरक पडला तो काही वर्षं वगळल्यामुळे आणि देशांना वजन कसं दिलं त्यामुळे, म्हणजे ज्याला चूक म्हणता येत नाही अशा निवडींमुळे. ते शोधणं जास्त अवघड.

इंजिनिअरिंग: कोणाला हरवलं आणि कुठल्या मैदानात

"आमची पद्धत ३० टक्क्यांनी चांगली." कोणापेक्षा? दहा वर्षं जुन्या पद्धतीला हरवून काय उपयोग. मग परिस्थिती. पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाच्या सोलर सेलची एफिशिअन्सी (उन्हातली किती ऊर्जा विजेत बदलते ते) २००९ मध्ये ३.८ टक्के होती आणि आता २५ च्या पुढे आहे, ही खरंच थक्क करणारी झेप आहे. पण पेपर उघडला की दोन गोष्टी शोधा, सेलचा आकार किती आणि किती तास, कुठल्या तापमानाला आणि ओलाव्यात टिकला. विक्रम बरेचदा नखाएवढ्या तुकड्यावर होतात, छपरावरचं पॅनल ऊन-पावसात वर्षानुवर्षं राहायचं असतं.

एआयच्या पेपरात पहिली शंका डेटाची. कोविडमध्ये एक्सरे आणि सीटीवरून निदान करणाऱ्या मॉडेल्सचं पीक आलं होतं, २०२१ मध्ये एका रिव्ह्यूने निकष लावून ६२ पेपर तपासले आणि दवाखान्यात वापरण्याजोगं त्यातलं एकही निघालं नाही. एक कारण तर असं की काही जणांनी "कोविड नाही" या बाजूला १ ते ५ वर्षांच्या मुलांचे एक्सरे घातले होते, कोविडवाले मोठी माणसं. मॉडेल बिचारं मूल आणि मोठा माणूस ओळखायला शिकलं आणि ९० च्या वर अ‍ॅक्युरसी दाखवायला मोकळं. म्हणून टेस्टचा डेटा वेगळ्या ठिकाणाहून, वेगळ्या मशीनवरून आलाय का हे आधी शोधा, अ‍ॅक्युरसी नंतर.

आकडेशास्त्र पुरतं एवढंच

पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली म्हणजे गोष्ट ९५ टक्के खरी असं नव्हे. त्याचा अर्थ इतकाच, की खरा फरक काहीच नसता तरी एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने शंभरात पाचपेक्षा कमी वेळा दिसला असता. मी तर पी व्हॅल्यूपेक्षा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ती पट्टी) आधी बघतो, तो रुंद असेल तर लेखकांनाही नक्की माहीत नाही असं धरायचं. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले, मूळ ९७ टक्क्यांत परिणाम ठळक होता, दुसऱ्यांदा ३६ टक्क्यांतच दिसला. एकट्या पेपरवर उडी मारू नये ते यासाठी.

बनावट माल

पैसे दिले की काहीही छापणारी जर्नल्स आहेत. ओळखायची एक मजेशीर खूण म्हणजे विचित्र शब्द, चोरलेला मजकूर पकडला जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअरने समानार्थी शब्द घालतात, मग ब्रेस्ट कॅन्सरचं होतं "छातीचं संकट" आणि आर्टिफिशिअल इंटेलिजन्सचं "नकली जाणीव" अशा अर्थाचं इंग्रजी. असं दिसलं की टॅब बंद. आणि चॅटबॉटकडून सारांश घ्यायला माझी हरकत नाही, मीही घेतो, पण त्याने दिलेला संदर्भ डीओआय (पेपरचा कायमचा ओळख नंबर) टाकून उघडल्याशिवाय वापरू नका, लेखक खरे, जर्नल खरं आणि पेपर मात्र अस्तित्वातच नाही असे प्रकार होतात.

शेवटी नोट

प्रत्येक पेपरची एक नोट, पाच-सहा ओळींची, स्वतःच्या भाषेत. माझी एक अशी आहे: "हायब्रिड काम, नेचर २०२४, छापील व्हर्जन. एकच कंपनी, १,६१२ पदवीधर, सहा महिने, जन्मतारखेवरून गट. सोडणारे ७.२ वरून ४.८ टक्के. कामात फरक नाही. मॅनेजरना लागू नाही. आधी मॅनेजर म्हणत होते काम २.६ टक्के घटेल, नंतर म्हणाले १ टक्का वाढलं. शंका: सहा महिन्यांनंतर?" नोटवर वाचल्याची तारीख टाका, आणि पीडीएफला नाव देताना वर्ष आणि विषय घाला, कारण माझ्या डाउनलोड्समध्ये अजून "पेपर फायनल", "पेपर फायनल २" आणि "हा नक्की वाच" अशा नावांच्या अकरा फायली पडल्यात आणि त्यात काय आहे ते मला उघडल्याशिवाय सांगता येत नाही.